ओळीची लांबी आणि माझी चाळिशी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांब होणारे, आधीच सांगून ठेवतो. तुमच्या पत्रांच्या सदराखाली ‘पत्र थोडक्यात लिहावे’ अशी सूचना असते ती मी रोज वाचतो, आणि गंमत म्हणजे मी जे लिहायला बसलोय ते मर्यादा असावी का नसावी याच्यावरच आहे. तेव्हा कात्री लावायची तर बिनधास्त लावा, फक्त खाली सोसायटीच्या मेसेजचा किस्सा आहे तेवढा कापू नका.

विषय असा की मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे, पंचवीस वर्षं उलटून गेली या धंद्यात. गेल्या महिन्यात आमच्या टीमने, एकूण नऊ माणसं, त्यातली दोन पुण्याहून कॉलवर, दोन मीटिंगा मिळून साडेतीन तास कशावर घालवले असतील? तर प्रोग्रामची एक ओळ जास्तीत जास्त किती अक्षरांची असावी यावर. ८०, १०० की १२०. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती कुकरची शिट्टी मोजता मोजता म्हणाली, याचे पगार देतात तुम्हाला? आता तुमच्या सदरात अधूनमधून पत्रं येतात ना, आयटीवाले दिवसभर एसीत बसून करतात तरी काय म्हणून, त्यांना हे वाचून अजून एक काडी मिळेल हे माहितीय मला. पण मला त्या साडेतीन तासांची लाज वाटत नाही, जरा राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा, तो पुढे सांगतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच, की कोड म्हणजे शेवटी मजकूरच. ओळीखाली ओळ, समासापासून थोडं आत सरकवून लिहिलेला. मशीनला एक ओळ दहा अक्षरांची आहे का हजाराची, आता काही फरक पडत नाही. वाचणाऱ्याला पडतो. आणि कोड एकदा लिहिला जातो पण वाचला जातो पन्नास वेळा, बहुतेक वेळा ज्याने लिहिलाय तो कंपनी सोडून गेल्यावर, आणि रात्री काहीतरी बंद पडलं की.

मीटिंगमध्ये काय झालं तर आमच्यात एक डोंबिवलीचा मुलगा आहे, हुशार आहे, त्याच्या टेबलावर सत्तावीस इंची स्क्रीन. तो म्हणाला सर, हे ८० अक्षरांचं खूळ पंच कार्डाचं आहे, आता कार्डं कुठे राहिलीत, एवढी मोठी स्क्रीन घेऊन अर्धी रिकामी ठेवायची का? खारघरहून एक मुलगी येते ती म्हणाली की मी लॅपटॉपवरच काम करते आणि दोन फायली शेजारी शेजारी लावते, तुझी १२० ची ओळ माझ्याकडे अर्धी दिसते, उरलेल्या अर्ध्यासाठी मी काय तुझ्या टेबलावर येऊ का. पुण्याचा एक जण मध्येच म्हणाला की गो भाषेत लिमिटच नाही, तिथे काय कुणाचं अडलंय. मग आवाज चढले. मी सगळ्यात मोठा म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी, खरं सांगतो, तेव्हा म्हणालो पुढच्या मीटिंगमध्ये बघू. राग याचाच, माझा माझ्यावर. मला उत्तर माहीत होतं पण धड सांगता येईना.

डोंबिवलीवाल्याचं म्हणणं चूक नाहीये मुळीच. आयबीएमने १९२८ साली ८० कॉलमचं कार्ड काढलं, जाड पुठ्ठ्यासारखा कागद, अक्षरं त्यावर भोकं पाडून लिहायची, एका कॉलमात एक अक्षर, म्हणजे एका कार्डावर एक ओळ आणि ती ८० ची. पुढे कार्डं गेली आणि टर्मिनल, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले स्क्रीन आणि कीबोर्ड, आली तरी आकडा तोच राहिला, १९७८ चं डीईसीचं व्हीटी १०० टर्मिनल घ्या, ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, हवं तर १३२ अक्षरं करता यायची कारण मोठ्या प्रिंटरचा कागद तेवढा होता. तो हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला कागद आठवतोय का कुणाला? आमच्या लहानपणी कुणाच्या तरी ऑफिसातून त्याचे गठ्ठे यायचे आणि आम्ही त्याच्या पाठी गणितं करायचो.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, ऐंशीच्या आसपास असतील (हा योगायोग), त्या मुंबईला एका सरकारी ऑफिसात पंच ऑपरेटर होत्या. मीटिंगनंतरच्या रविवारी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि दोन्ही हात पुढे करून दाखवलं की गठ्ठा कसा धरायचा, अंगठे वर, चार बोटं खाली, आणि रबरबँड ताणून लावायचा नाही, कडा वाकतात आणि मग मशीन कार्ड खातं. चुकलं की कार्ड फाडायचं, म्हणाल्या, भोक बुजवता येतं का कधी? आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकात वाचलं होतं पण कधी माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, की प्रोग्रामच्या कार्डावर शेवटच्या आठ कॉलमात, म्हणजे ७३ ते ८०, नंबर टाकायचे, कारण कधी ना कधी कुणाच्या तरी हातून गठ्ठा पडणारच, मग तो सॉर्टर मशीनमध्ये घालून नंबराने परत लावून घ्यायचा. एकदा जिन्यात पडला होता अख्खा ट्रे, म्हणाल्या, आणि नंबर टाकले नव्हते कुणीतरी. कोणी ते सांगितलं नाही, पण हसल्या त्यावरून मला कळलं.

म्हणजे ८० तला वापरायला मिळायचा तो ७२ पर्यंतचाच. फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत, कोबोलमध्येही बहात्तराव्यानंतर लिहिलेलं कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बघायचाच नाही. हे मला पक्कं माहीत असण्याचं कारण वेगळं आहे.

१९९९ साल, मी नवा नवा, महापेला एमआयडीसीत एका कंपनीत वायटूकेचं काम. सालाचे दोन आकडे होते त्यांचे चार करायचे, हजारो ओळी कोबोल, आणि आम्ही चाळीस पोरं. एका प्रोग्राममध्ये मी एक ओळ बदलली, थकबाकी असेल तर व्याज लाव, आणि त्याच्या खालची ओळ, रक्कम बेरजेत धर. कोबोलमध्ये ‘जर’ कुठे संपतं ते टिंबावर ठरायचं, टिंब दिलं की अट संपली. मी सालाला दोन आकडे वाढवले, ओळ दोन घरं पुढे सरकली, आणि टिंब जाऊन पडलं बरोब्बर ७३ व्या घरात. कंपायलरला ते दिसलंच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. त्याच्या दृष्टीने अट पुढे चालूच, त्यामुळे बेरजेची ओळही अटीच्या पोटात गेली आणि बेरजेत फक्त थकबाकीदारच यायला लागले. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत मी तो छापलेला कागद घेऊन बसलो होतो आणि टिंब मला दिसत होतं हो! कागदावर छापलेलं, काळं, ठसठशीत. मी बोट ठेवून वाचत होतो, हे बघ अट, हे बघ व्याज, हे बघ टिंब. शेवटी चहावाला येऊन गेल्यावर एका सीनियरने खिशातली पट्टी काढून कागदावर उभी धरली, पट्टीच्या डावीकडे प्रोग्राम आणि उजवीकडे एकटं टिंब.

तर तेव्हा लिमिटला दात होते. आता नाहीत, म्हणून पोरांना ती शोभेची वाटते.

बरं, सगळ्या जगाने ८० ला धरून ठेवलंय असंही नाही. पायथन भाषेचा जो अधिकृत स्टाइल गाइड आहे, पेप ८ म्हणतात त्याला, २००१ चा, तो ७९ सांगतो, कारण खिडकी ८० ची असेल तर शेवटचं घर एडिटरच्या खुणेसाठी मोकळं राहावं, आणि टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जा म्हणतो, पण कॉमेंट आणि समजावून सांगायचा मजकूर ७२ मध्येच. ब्लॅक नावाचा फॉर्मॅटर आहे, म्हणजे कोडच्या ओळी आपोआप नीट लावून देणारं टूल, तो आपणहून ८८ धरतो, म्हणजे ८० वर दहा टक्के, आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर देतात तसं. गूगलच्या नियमात सी प्लस प्लसला ८० आणि जावाला १००, एकाच घरात दोन नियम. रस्ट भाषेचा फॉर्मॅटर १००. गोमध्ये खरंच लिमिट नाही, पुणेकर बरोबर होते, पण बाकी सगळं त्यांचा फॉर्मॅटर स्वतः लावतो, टॅब कुठे आणि ब्रॅकेट कुठे यावर कुणाला मतच विचारत नाही, हे पुणेकरांनी सांगितलं नाही.

आणि लिनक्स, ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिथे वर्षानुवर्षं ८० ची शिस्त, त्यात एक टॅब म्हणजे आठ घरं, त्यामुळे तीन पायऱ्या आत गेलात की २४ घरं हवेत गेली. त्यांच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर तुमचं कामच बिघडलंय, ते आधी दुरुस्त करा. म्हणजे लिमिट हे निमित्त, खरा डोळा पायऱ्यांवर. मग २०२० च्या मे महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतःच म्हणाले की ८० मध्ये बसवायच्या नादात ओळी उगाच तोडल्या जातात आणि त्या वाचायला जास्त त्रासाच्या होतात, आणि त्यांच्या तपासणीच्या स्क्रिप्टमधली सीमा १०० झाली. ८० अजूनही बरं समजतात पण त्यापुढे गेलात तर आता स्क्रिप्ट लगेच ओरडत नाही. हे मी दुसऱ्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा डोंबिवलीवाल्याने टेबलावर हात मारला, बघा म्हणाला, देवानेच सांगितलं. मी म्हटलं बाबा रे देवाने १०० सांगितलंय, १२० नाही.

आता थोडं घरचं. माझे वडील जुळारी होते, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारे, कंपोझिटर. स्टेशनजवळच्या एका गल्लीत छापखाना होता, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे पेपर, निवडणूक आली की रात्रंदिवस. त्यांची कंपोझिंग स्टिक अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, लोखंडी, डाव्या तळव्यात बसते, आणि तिला एक सरकता अडसर असतो. काम हातात घेतलं की बाबा पहिल्यांदा तो अडसर लावायचे, ओळीची रुंदी ठरवायची आणि आवळून टाकायची, त्यानंतर त्या कामापुरता विषय संपला. ओळीत शब्द बसला नाही तर शब्द खाली, नाहीतर मधल्या जागा कमी-जास्त करा, पण अडसर हलवायचा नाही, कारण एक ओळ जरी लांब झाली तरी सगळा मजकूर चौकटीत आवळताना बाकीच्या ओळी ढिल्या राहतात आणि मशीनवर खिळे उडतात. मला आठवतं मी एकदा विचारलं होतं की पेपरच्या ओळी इतक्या छोट्या का आणि पुस्तकाच्या मोठ्या का, तर त्यांनी पेपरचं पान माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले दोन कॉलमांच्या मधली रेघ नाही असं समज आणि डावीकडून उजवीकडे सलग वाच. दुसऱ्या ओळीलाच मी चुकलो, तीच ओळ परत वाचली. डोळा उजव्या टोकाला गेला की त्याला परत डावीकडे येऊन पुढची ओळ पकडायची असते, आणि ओळ जितकी लांब तितका तो परतीचा रस्ता चुकतो. छपाईवाले इंग्रजी पुस्तकासाठी साधारण ४५ ते ७५ अक्षरांची ओळ बरी मानतात, ६६ उत्तम. कोडला हे जसंच्या तसं लागू नाही, कारण कोडमध्ये ओळी आतबाहेर असतात, डोळ्याला धरायला खुंट्या मिळतात. पण ८० किंवा १०० मधून डावीकडची रिकामी जागा वजा करा, उरलेलं मोजा, साठ-सत्तरच्या घरातच येतं बऱ्याचदा.

तुमच्याकडे आठ कॉलमी मथळे देणारी माणसं आहेत, तुम्हाला हे मी काय सांगणार.

अजून एक गोष्ट जी मीटिंगमध्ये बोलायला मला संकोच वाटला. मला चाळिशी लागलीय. लागून सहा वर्षं झाली, चष्मा दोन भिंगांचा, आणि एडिटरमध्ये अक्षर मी इतकं मोठं केलंय की पोरं मागून जाताना म्हणतात सर हे काय बसचं बोर्ड आहे का. त्या साइजला माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर एका बाजूला जुना कोड आणि दुसऱ्या बाजूला नवा लावला की प्रत्येक बाजूला बरोब्बर ८० च्या थोडं वर अक्षरं बसतात. सत्तावीस इंच आणि पंचविशीचे डोळे असतील तर १२० काय २०० पण बसतील. चाळिशी लागली तेव्हा मला ऐंशीची किंमत कळली, असं मी दुसऱ्या मीटिंगमध्ये म्हणणार होतो, म्हटलं नाही, इथे लिहून टाकतो.

आता तो किस्सा.

मागच्या वर्षी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं आणि थकबाकीचे मेसेज पाठवायचं काम होतं. आमच्यातल्याच एकाने, नाव सांगणार नाही, चांगला मुलगा आहे, कोणाला मेसेज जावा याची अट एका ओळीत लिहिली. सदस्य चालू आहे आणि बिल निघालंय आणि मुदत गेलीय आणि रक्कम बाकी आहे आणि आधी मेसेज गेलेला नाही आणि असं करत करत, मी नंतर मोजली, २१४ अक्षरं. टेस्टिंग करताना त्याला मेसेज येतो की नाही एवढंच बघायचं होतं म्हणून त्याने ओळीच्या अगदी शेवटी ‘ऑर ट्रू’ असं जोडलं, म्हणजे वरचं सगळं खोटं असलं तरी खरं धर, आणि ते काढायचं राहिलं. रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याने वाचून तपासायला, माझ्याकडे आलं. आमचं रिव्ह्यूचं टूल जुनं, ओळ मोडून दाखवत नाही, खाली एक आडवी पट्टी असते ती सरकवायची. मला ओळीचा पहिला निम्मा भाग दिसला, तो बरोबर होता, मी सरकवली नाही. ओके केलं. त्या दिवशी माझ्याकडे अजून अकरा रिव्ह्यू होते, हे कारण नाही, नुसतं सांगतोय.

रात्री पावणेबाराला घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतल्या ३१२ च्या ३१२ फ्लॅटना मेसेज गेला की आपली थकबाकी आहे, सात दिवसांत भरा, अन्यथा व्याज. ज्यांनी वर्षाचे आगाऊ भरलेत त्यांनाही. सकाळी साडेसातला सेक्रेटरीच्या दारात रांग. एक निवृत्त गृहस्थ आले ते फाइलच घेऊन, पहिल्या महिन्यापासूनच्या सगळ्या पावत्या, पंच करून, वर्षानुसार रंगीत चिकटपट्ट्या लावून, आणि त्यांनी त्या सेक्रेटरीच्या डायनिंग टेबलावर एकेक करून मांडल्या, बोलले काहीच नाहीत. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवला. मी तो फोटो बघितला तेव्हा ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर होतो, तिथेच बाजूला उभा राहिलो, मागून लोक धक्के देत खाली उतरत होते.

महापेला टिंब मला दिसत होतं आणि मशीनला दिसत नव्हतं. इथे ‘ऑर ट्रू’ मशीनला दिसत होतं आणि मला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला मीटिंगमध्ये बोलता आलं नाही: लिमिट आधी मशीनच्या सोयीची होती, आता ती वाचणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि म्हणून आकडा ठरवताना सगळ्यात मोठी स्क्रीन कुणाची ते बघायचं नसतं, सगळ्यात अडचणीत बसून वाचणारा कोण ते बघायचं. ज्याने रिव्ह्यूला बसायचंय तो, रात्री दोनला घरच्या लॅपटॉपवर लॉगिन करणारा तो, खारघरची ती.

नुसती लिमिट लावली की सगळं झालं असं मात्र मी म्हणत नाही. ८० च्या धाकाने लोक काय काय करतात तेही पंचवीस वर्षं बघतोय. ओळ बसत नाही म्हणून नावं कापतात, सदस्याची थकबाकी रक्कम असं सरळ नाव द्यायचं सोडून त्याचं ‘एमओए’ करतात आणि सहा महिन्यांनी त्यालाच विचारलं एमओए म्हणजे काय तर तो डोकं खाजवतो. मेसेजचं वाक्य मध्येच तोडून दोन ओळींत जोडतात, मग एरर आला की ते वाक्य कोडमध्ये शोधून सापडत नाही. लिनक्सवाल्यांनी याला सूट दिलीय, लोकांना दिसणारं वाक्य कितीही लांब असो, तोडायचं नाही, शोधता आलं पाहिजे. ही सूट आम्ही जशीच्या तशी उचलली. लिंक पण तोडायची नाही, अर्धी लिंक कुणाला हवीय.

आणि एक अडचण आली जी कुठल्याच गाइडमध्ये नव्हती, आपली मराठी. आमचे मेसेज मराठीत जातात, ते कोडमध्येच लिहिलेले. तपासणारं टूल एका ओळीवर अडलं, शंभरच्या वर गेलीय म्हणे, आणि डोळ्याला ती पन्नास-पंचावन्न अक्षरांची दिसते. मग बसून खारघरच्या त्या मुलीने आणि मी मोजलं. ‘ठाणे’ हा शब्द घ्या, आपल्याला दोन अक्षरं, पण कॉम्प्युटर ठ वेगळा मोजतो, काना वेगळा, ण वेगळा, मात्रा वेगळी, चार झाले. ‘क्षेत्र’ तर विचारू नका, दोन अक्षरांचे सात, क, हलंत, ष, मात्रा, त, हलंत, र. काही टूल बाइट मोजतात, एका खुणेचे तीन, त्यांच्या हिशेबाने हेच एकवीस. बाबा असते तर त्यांना हे लगेच पटलं असतं, मराठीची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, इंग्रजीपेक्षा किती मोठी असते आणि जोडाक्षराचा खिळा शोधायला हात किती लांब जातो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि हे नुसतं मोजण्यापुरतं नाही, पैशाचं पण आहे, इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो आणि देवनागरीत तोच ७० चा, त्यातही काना-मात्रा-हलंत सगळे मोजून, त्यामुळे मराठीत विनम्र आवाहन करायला गेलं की एका मेसेजचे तीन होतात आणि बिल सोसायटीला. म्हणून मराठी वाक्यांच्या फायली आम्ही वेगळ्या काढल्या आणि त्यांना लांबीच्या नियमातून वगळलं, पण ७० चा पहारा मात्र तिथे बसवला.

ठरलं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल एवढं वाचून हातात काय. कोड १००, कॉमेंट ८०, दोन्ही आकडे एका फायलीत लिहून ठेवले आणि सेव्ह केलं की फॉर्मॅटर स्वतःच ओळ मोडतो, माणसाने माणसाला रिव्ह्यूमध्ये ‘ओळ लांब आहे’ असं लिहायचं नाही, ते मशीनने लिहावं, त्याचा कुणाला राग येत नाही. अट तीनपेक्षा जास्त तुकड्यांची असेल तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र ओळीवर, ‘आणि’ ‘किंवा’ ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे शेवटी काही लपायला जागाच नाही. हा शेवटचा नियम मी घातला, कारण विचारलं नाही कुणी, फोटो सगळ्यांनी बघितलाय. जुन्या फायली एका फटक्यात नीट करून टाकू असं डोंबिवलीवाला म्हणत होता, त्याला थांबवलं, कारण मग कुठली ओळ कुणी कधी का बदलली हा इतिहास एका दिवशी त्याच्याच नावावर जातो. गिटमध्ये, म्हणजे हा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये, २०१९ पासून ओळ कुणी बदलली हे बघताना असे साफसफाईचे बदल वगळायची सोय आहे, ती त्यानेच शोधून काढली, म्हणून आता ते पण करू, पण पावसाळा संपल्यावर. पुणेकरांची सही अजून बाकी आहे.

आता संपादक साहेब, तुमच्याकडे एक तक्रार, खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि मध्येच गाडी रूळ बदलून गेली. ठाण्याला दहा नंबरवर वाशी लोकलची वाट बघताना मी तुमचा ई-पेपर फोनवर वाचतो. पान छापील पानासारखंच दिसतं, छान, पण अक्षर वाचण्याइतकं मोठं केलं की कॉलम स्क्रीनच्या बाहेर जातो आणि प्रत्येक ओळीला अंगठ्याने पान उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे, ऐरोली येईपर्यंत अग्रलेखाचा पहिला परिच्छेद. कॉलमवर बोट ठेवलं की तो एकच कॉलम फोनच्या रुंदीला बसेल असं काही करता आलं तर बघा. आणि ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर तुमची वेबसाइट उघडली की उलटं, बातमीची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत, मी कंटाळून एकदा मोजली तर कॉलमची रेघ पुसल्यावर बाबांनी दाखवलेलं पानच समोर आलं. तुमच्या वेबसाइटवाल्यांना रुंदीचा एक आकडा लिहायचाय फक्त, पाच मिनिटांचं काम, हवं तर आमच्या खारघरच्या मुलीला पाठवतो.

नाव छापू नका कृपया, टीममध्ये तुमचा पेपर येतो.

आपला,
एक वाचक, ठाणे पश्चिम

ता.क. पत्र टाइप करून झाल्यावर काकूंना वाचून दाखवलं. ट्रे जिन्यात पडल्याचं काढून टाक म्हणाल्या. मग म्हणाल्या राहू दे, आता कोण विचारतंय.